जानकीबाईंचा लाल माठ

त्या काळी पार्ल्यात मुलीचं लग्न ठरलं की तिची आई आधी भटजींकडे जायची, मग आचाऱ्याकडे, आणि मग तिन्हीसांजेच्या जरा आधी, पदर पुढे ओढून, जानकीबाई आगाश्यांकडे. पहिल्या दोन ठिकाणी ती उजळ माथ्यानं जायची, तिसऱ्या ठिकाणी मात्र चोरपावलांनी. रुखवत म्हणजे मुलीच्या हातची कलाकुसर. ती लग्नाच्या मांडवात टेबलावर मांडायची, वरपक्षाच्या बायकांनी ती बघायची आणि मग ती मुलीबरोबर सासरी जायची. ते सगळं मुलीनं स्वतः केलेलं असतं असं मानायची रीत होती, आणि निम्म्या पार्ल्याचं रुखवत जानकीबाई करत असत.

त्यांचा हातच तसा होता. त्यांनी भरलेले हंस आता मान वळवतील असं वाटे, आणि द्राक्षांच्या घडावर माश्या बसतील की काय अशी धास्ती वाटे. ओटीच्या खणाखेरीज त्या कुणाकडून काही घेत नसत. फक्त भरलेलं कापड हाती देताना मुलीच्या आईला बजावत, "हे बघा, त्या बायका कापड उलटं करून पाठ बघणार. बघू द्या खुशाल, माझी पाठ पोटाइतकीच स्वच्छ असते. पण 'कुणी केलं?' म्हणून विचारलं की डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं, सगळं मुलीनंच केलंय हो! तिथं अडखळलात तर माझी सुईसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही."

मग लग्नाच्या दिवशी वरमाय चष्मा सावरत टेबलाशी यायची, अभ्रा उलटा करायची आणि म्हणायची, "हात काय गोड आहे हो मुलीचा!" जानकीबाई मागच्या रांगेत बसून गालातल्या गालात हसत. त्यांना राग येत नसे, उलट मजा वाटे. गंमत अशी की त्या वरमाईनंही कधीतरी स्वतःच्या मुलीचं रुखवत असंच कुणाकडून तरी करून घेतलेलं असायचं. पण मुलाची आई म्हणून मांडवात पाऊल टाकलं की बाईला सगळं सोयीस्कर विसरायला होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना जानकीबाईंच्या घरात रंगपेटी निघाली.

ती त्यांच्या मुलीची, क्षमाची. क्षमानं शाळेत असताना चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली होती. ती कशीबशी पास झाली आणि त्या दिवसापासून तिनं पेटी कपाटाच्या तळाशी ढकलून दिली. पुढे ती बी.ए. झाली, पार्ल्यातच शाळेत शिकवायला लागली, पण हस्तकलेशी तिचं काही जमलं नाही. जानकीबाईंची मुलगी असून तिला साधं बटण लावता येत नसे. ती पोलक्याला टाचणी लावून शाळेत जायची आणि आईनं कपाळावर हात मारून घेतला की म्हणायची, "अगं, टाचणी दिसते का कुणाला? मग झालं तर!"

एकदा एका मोराच्या पिसाऱ्यासाठी नेमक्या कोणत्या छटेच्या लडी आणायच्या ते ठरेना, म्हणून जानकीबाईंनी पेटी काढली. म्हटलं, कागदावर रंग लावून बघू आणि मग दुकानात जाऊ. त्यांनी निळ्याचा एक ओला ठिपका ठेवला, शेजारी पिवळ्याचा ठेवला आणि चष्मा पुसायला मान खाली घातली. वर बघतात तर दोन्ही ठिपके एकमेकांत शिरले होते. रेशमात निळ्यावरून हिरव्यावर यायचं म्हणजे मधल्या छटांच्या लडी धुंडाळायच्या, लांबआखूड टाके घालत दुपारच्या दुपारी घालवायच्या. इथं त्या दोघांनी मधला सगळा प्रवास आपापसांत उरकून टाकला होता, जानकीबाईंना न विचारता. त्यांच्या हाताखालच्या वस्तूनं त्यांची परवानगी न घेण्याची ही पहिलीच वेळ. त्यांना राग यायला हवा होता, पण त्या खुदकन हसल्या.

त्या मोराला पिसारा फुटला तो बऱ्याच उशिरा.

जानकीबाईंना रंगांनी झपाटलं. दुपारची भांडी झाली की त्या खिडकीपाशी पाट मांडून बसत. कागद पाणी पिऊन पापडासारखा फुगे. हिरव्यात तांबडा गेला की शेणाचा रंग होई. त्यांचे यजमान शरच्चंद्र कचेरीतून आले की त्यांच्यापुढे चित्र धरलं जाई आणि तो सज्जन माणूस ते आधी उभं, मग आडवं धरून बघे.

"छान आहे. मिरची ना?"

"पोपट आहे."

"हो हो, पोपटच. मी आपलं रंगावरून म्हटलं."

सुईपुढे सगळ्या पार्ल्यानं हात टेकले होते, आणि कुंचला मात्र त्यांना रोज तोंडघशी पाडत होता. पण त्यामुळेच की काय, सकाळी जाग आली की त्यांना आधी खिडकीपाशी ठेवलेला कागद आठवे. असं लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना कधी झालं नव्हतं.

जुन्या गावठाणात सेराफिना राहायची. तिची स्वतःची भाजीची वाडी होती आणि रोज सकाळी टोपली घेऊन ती आगाश्यांच्या दारात यायची. किती वर्षांची ओळख, त्यामुळे भाजी थोडी आणि गप्पा फार. एकदा तिला दोन दिवस ताप आला म्हणून जानकीबाई पेज घेऊन तिच्याकडे गेल्या. सेराफिना तापात काही पडून राहणारी नव्हे. ती विहिरीवरून वाफ्यांना पाणी सोडत होती. जानकीबाई कुंपणापाशी थबकल्या. समोर लाल माठाचे वाफे होते. माठ त्यांनी काय कमी पाहिला होता? जन्मभर निवडला, चिरला, लसणीची फोडणी दिली. पण मातीत उभा असलेला, नुकतंच पाणी प्यायलेला, पाठीमागून ऊन लागलेला माठ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. पानापानांत दिवा लावल्यासारखं दिसत होतं ते.

"जानकीबाय, आत ये ना! काय बघतेस?"

"तुझा माठ बघते गं."

"जुडी बांधून देऊ?"

"नको. तसाच राहू दे. मी उद्या कागद घेऊन येते."

सेराफिनाला वाटलं, ताप आपल्याला नाही, हिलाच आलाय.

पुढचे काही दिवस जानकीबाई विहिरीच्या कठड्यावर बसून माठ काढत राहिल्या आणि मग घरी येऊन त्यांनी मोठा, जाड कागद घेतला. आता हे चित्र नीट करायचं, एकदम झकास. आणि इथंच त्यांच्या हातून अशी चूक झाली की जी चित्रकलेच्या शाळेतलं पहिलीचं पोरही करणार नाही. ती फक्त भरतकाम करणारी बाईच करू जाणे.

कापडावर नक्षी उतरवायची एक पद्धत असते. पातळ कागदावर नक्षी काढायची, तिच्या रेघांवर सुईनं भोकं पाडायची, हा झाला खाका. तो कापडावर ठेवायचा आणि नीळ रॉकेलमध्ये कालवून बोळ्यानं वरून फिरवायची. भोकांतून निळे ठिपके कापडावर उमटतात आणि नक्षी तयार. जानकीबाईंनी जन्मभर हेच केलं होतं. त्यांनी माठाचा खाका केला, सुईची भोकं थेट खालच्या जाड कागदापर्यंत जाऊ दिली, नीळ आणि रॉकेल फिरवलं आणि समाधानानं रंग लावायला घेतला.

रॉकेलवर पाण्याचा रंग बसतो होय? वाफे लाल व्हायला लागले, पण जिथं जिथं ठिपका होता तिथून रंग अंग चोरून मागे सरे. जानकीबाई पुन्हा लावत, तो पुन्हा सरे. तेवढ्यात शरच्चंद्र नाक मुरडत आत आले.

"जानकी, स्टोव्ह गळतोय का गं?"

"नाही. माझं नशीब गळतंय."

कागद वाळला तेव्हा त्यावर त्यांना आजवर साधला नव्हता असा लाल रंग उतरला होता, अगदी त्या सकाळचा. आणि त्यातून जिकडेतिकडे निळसर-पांढुरक्या ठिपक्यांच्या रांगा. वाट लागली होती चित्राची. फेकवेना आणि बघवेना. जानकीबाईंना रडू आलं, मग राग आला, आणि राग आला की त्यांचा हात आपोआप सुईच्या डबीकडे जाई. कापड फाटलं तर आपण रफू करतो ना, मग कागदानं काय घोडं मारलंय? भोकं तर पडलेलीच होती. त्यांनी रेशमाचा पदर सुटा केला, एकेरी, केसासारखा, आणि हलक्या हातानं पहिल्या भोकातून सुई काढली. जोर लावला की कागद टरकतो, टाके जवळ घेतले की तुटतो, हे त्यांना दोन-तीन ठिकाणी फाडल्यावर कळलं. फाटलं तिथं त्यांनी जुन्या लुगड्याचा चिंधीएवढा तुकडा खळीनं चिकटवला आणि त्यावरून रंग फिरवला. तो तुकडा ओल्या मातीसारखा दिसायला लागला. माठाचे देठ रेशमाचे झाले, कुंपणावर चढलेल्या वालाच्या फुलांना गाठीचे टाके आले, आणि पानं मात्र पाण्याची राहिली, एकमेकांत मिसळलेली.

दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. सवयीनं त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली. गाठी, लोंबते धागे, रंगाचे डाग. जन्मात त्यांची पाठ इतकी घाणेरडी झाली नव्हती. त्यांनी कागद सुलटा केला आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. हे कुणाच्या नमुन्यावरून आलं नव्हतं. हे कधी कुणी केलंच नव्हतं.

त्या दिवशी शरच्चंद्रांना काही विचारावं लागलं नाही. ते चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हा तर माठ आहे!"

यापेक्षा मोठी पावती जानकीबाईंना नको होती.

त्याच सुमारास क्षमाचं लग्न ठरलं. मुलगा विद्याधर टेंबे, मुलुंडचा, इंजिनिअर. तो शांत होता, त्याची आई पद्मजाबाई तशी नव्हती. ताठ बाई, बोलणं एक घाव दोन तुकडे. त्यांची थोरली सून मृणालिनी पार्ल्याचीच, तीन वर्षांपूर्वी दिलेली. बैठकीला आल्या असताना पद्मजाबाई चहाची बशी खाली ठेवत म्हणाल्या, "आमच्या मृणालिनीच्या रुखवतातला तो हंसांचा टेबलक्लॉथ! तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. लग्नानंतर मात्र हिनं सुईला हात लावला नाही. डोळे दुखतात म्हणते. मी किती मागे लागते!"

मृणालिनी एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. जानकीबाईंनी घाईघाईनं चिवड्याची बशी पुढे केली. ते हंस कुठल्या तळ्यातले हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

क्षमाच्या रुखवताची काळजी नव्हती. टेबलक्लॉथ, अभ्रे, ताटावरचे रुमाल, सगळं जानकीबाईंनी वर्षानुवर्षं भरून ट्रंकेत घालून ठेवलं होतं. पण शरच्चंद्रांच्या डोक्यात वेगळंच शिरलं.

"मधोमध तुझा माठ ठेवू. बाकीच्यांकडे असतात त्या उशा. असं चित्र कुणाच्या रुखवतात असणार?"

"नाही."

"का गं?"

जानकीबाई रात्रीच्या भाकरीचं पीठ मळत राहिल्या. रुखवतात ठेवलं की ते क्षमानं केलेलं होणार. वरमाय म्हणणार, हात काय गोड आहे मुलीचा, आणि आपण डोळ्याला डोळा भिडवून हो म्हणणार. मग ते मुलुंडला जाणार, क्षमाचं चित्र म्हणून भिंतीवर लागणार. इतक्या परक्या मुलींना आपण हंस दिले, मोर दिले, कधी मनात आलं नाही. आणि पोटच्या पोरीला एक कागद देताना जीव आखडावा? त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मन बदललं नाही. हंस काय, कुणीही भरले असते. त्यांचा खाका आजीच्या आजीपासून चालत आलेला. तो माठ त्या सकाळी त्या उन्हात फक्त जानकीबाईंनी पाहिला होता. तो त्यांना हवा होता, स्वतःच्या नावानं हवा होता, आणि ही हाव त्यांना कुणाला सांगायचीही चोरी होती.

शेवटी त्यांनी चित्र घरातूनच हलवलं. सेराफिनाचा भाऊ पॉल साकीनाक्याला एका कारखान्यात सुतारकाम करायचा. "त्याच्याकडून चौकट करून घे, काच बसव," असं सांगून त्यांनी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून सेराफिनाच्या हाती दिलं. "घाई नाही गं. लग्नाची गडबड उरकू दे." जानकीबाईंना हायसं वाटलं. सेराफिनाला मात्र वाटलं, बिचारी संकोचानं घाई नाही म्हणते.

लग्न घराजवळच्या मांडवात होतं. अक्षता पडल्या, पंगतींची तयारी सुरू झाली आणि वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला निघाल्या. पुढे पद्मजाबाई, मागे मृणालिनी, मागे बाकीच्या. जानकीबाई टेबलाशी जाऊन पोचतात तो त्यांना धक्काच बसला. अभ्रे बाजूला सरकवलेले, लाडवांची परात खाली ठेवलेली, आणि टेबलाच्या मधोमध काचेच्या चौकटीत माठ! शेजारी सणाचं लुगडं नेसलेली, केसांत अबोली माळलेली सेराफिना उभी. तिनं पॉलच्या मागे लागून चौकट वेळेवर करून घेतली होती आणि मैत्रिणीच्या हातची सगळ्यात देखणी वस्तू सगळ्यात देखण्या जागी स्वतः मांडली होती. रुखवत म्हणजे घरातलं चांगलं ते मांडायचं, एवढंच तिला माहीत. ते कुणाच्या नावानं मांडतात ही भानगड तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती.

"ही माझी वाडी!" ती येईल त्या बाईला अभिमानानं सांगत होती. "ही विहीर दिसते ना, तिथं बसून काढला. हा वाल पण माझाच."

पद्मजाबाईंनी आधी टेबलक्लॉथ उलटा केला. पाठ पाहिली, मान डोलावली. "क्षमानं केलंय?"

"हो, सगळं क्षमानंच केलंय हो," जानकीबाई म्हणाल्या. जीभ सरावलेली होती. अभ्रे झाले, रुमाल झाले, हो हो म्हणून झालं.

मग पद्मजाबाई माठापुढे आल्या आणि थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मागच्या बायका एकमेकींच्या खांद्यांवरून डोकावायला लागल्या.

"हे रंगवलंय की भरलंय?"

"दोन्ही," जानकीबाई पुटपुटल्या.

"असं मी कधी पाहिलं नाही. हेही क्षमानंच?"

डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं. साऱ्या पार्ल्याच्या आयांना जानकीबाईंनी हेच शिकवलं होतं. दोन शब्द तर म्हणायचे होते. त्यांनी तोंड उघडलं. समोर वरमाय, हातावरच्या अक्षताही अजून झटकलेल्या नाहीत, आणि हे काय होतंय आपल्याला?

"नाही," त्या म्हणाल्या. "हे मी काढलंय."

मागून डोकावणाऱ्या बायका आणखी पुढे सरकल्या.

"अस्सं," पद्मजाबाई सावकाश म्हणाल्या. "आणि मग बाकीचं?"

आता पार्ल्याच्या बायकांची गाळण उडाली. पेंडसेकाकू, नेनेवहिनी, सगळ्यांच्या मुली जानकीबाईंच्याच हातचं रुखवत घेऊन सासरी गेलेल्या. एक धागा ओढला तर कुणाकुणाचं काय काय उसवेल याचा नेम नव्हता. "बाकीचं मुलीनंच! आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!" नेनेवहिनी एवढ्या जोरात म्हणाल्या की आचारी वळून बघायला लागला.

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरीच तिथं आली. आईचा पडलेला चेहरा पाहून तिनं ओळखायचं ते ओळखलं.

"बाकीचंही आईनंच केलंय," क्षमा म्हणाली. "मला बटणसुद्धा लावता येत नाही. विद्याधरांना माहितीये. मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलंय, टाचणी चालेल का म्हणून."

पेंडसेकाकूंनी डोळे मिटून घेतले. पद्मजाबाई क्षमाकडे बघत राहिल्या, मग टेबलक्लॉथकडे, मग पुन्हा त्याच्या त्या गुळगुळीत पाठीकडे. ती पाठ त्यांनी कुठंतरी पाहिली होती. त्या हळूच मागे वळल्या.

"मृणालिनी."

"आई..."

"तुझे हंस?"

मृणालिनीनं खाली मान घातली आणि जानकीबाईंकडे बोट दाखवलं. मग तिनं इतका लांब सुस्कारा सोडला की आजूबाजूच्या दोघी हसल्या. "सुटले बाई एकदाची! आई, तीन वर्षं मी डोळे दुखतात म्हणून सांगतेय. माझे डोळे उत्तम आहेत हो!"

आता मात्र कुणालाच आवरेना. आधी कुणीतरी पदरात तोंड लपवून हसलं, मग नेनेवहिनी हसल्या, मग वरपक्षाकडची एक म्हातारी आत्या म्हणाली, "आमच्या वेळी आमच्या काकूनं केलं होतं हो माझं," आणि सगळा घोळका खदखदायला लागला. पद्मजाबाईंनी ओठ घट्ट दाबून धरले होते. त्यांचेही खांदे हलले तेव्हा जानकीबाईंच्या जिवात जीव आला.

हसणं ओसरल्यावर पद्मजाबाईंनी चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावरून बाजूला, एका खुर्चीवर ठेवली. जानकीबाईंचा हात नकळत चौकटीकडे गेला.

"हे रुखवत नव्हे, विहीणबाई," पद्मजाबाई म्हणाल्या. "रुखवत मुलीच्या नावाचं, ते आमच्या हक्काचं. ते न मागता येतं. हे तुमचं आहे. हे मला मागायला हवं." आणि त्या ताठ बाईनं भर मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर विचारलं, "द्याल का मला?"

मुलीच्या आईनं वरमाईला नाही म्हणायचं नसतं. आजवर पार्ल्यात कुणी म्हटलेलं नव्हतं. शरच्चंद्र लांबून हातवारे करत होते, दे, दे म्हणून. जानकीबाईंनी चित्राकडे पाहिलं. लाल पानं, रेशमी देठ, लुगड्याची माती. आता कुणी ते त्यांच्यापासून काढून घेत नव्हतं, कुणी दुसऱ्याच्या नावावर करत नव्हतं. इतक्या मानानं मागत होतं. आणि म्हणूनच त्यांना खरं बोलता आलं.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "दुसरं काढून देईन. तुम्ही म्हणाल तेवढी देईन. पण हे नाही. हे माझं पहिलं आहे."

सेराफिनानं छातीवर क्रूस काढला. शरच्चंद्र जवळच्या खांबाला टेकले. पद्मजाबाईंनी क्षणभर जानकीबाईंना नीट न्याहाळलं, बहुधा विहीण म्हणून नव्हे, माणूस म्हणून.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीही दिलं नसतं. पण मग मी बघायला येणार, सांगून ठेवते. आणि आल्यावर नुसत्या चहावर जाणार नाही."

"माठाची भाजी करीन," जानकीबाई म्हणाल्या आणि दोघी विहिणी पंगतीला शेजारीशेजारी बसल्या.

संध्याकाळी वरात निघाली. क्षमा आईच्या गळ्यात पडून रडली, जानकीबाई रडल्या, शरच्चंद्र तर दोघींच्या वरताण रडले. गाडी वळणाआड गेली. मांडवातली माणसं पांगायला लागली आणि जानकीबाईंनी डोळे पुसून आत जाऊन खुर्चीवरची चौकट उचलली, काखेत मारली आणि घराची वाट धरली. मोठी होती चौकट, एका बाजूला त्या कलत चालत होत्या. सेराफिना धरू लागली तर देईनात.

फाटकापाशी पेंडसेकाकू उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "जानकीबाई, धन्य आहे तुमची! मुलगी देऊन टाकलीत आणि चित्र तेवढं परत घेऊन निघालात?"

जानकीबाई थांबल्या. डोळे अजून लाल होते, नाक लाल होतं, आणि तरी त्यांना हसू फुटलं.

"मुलगी माझी कुठं होती, काकू?" त्या म्हणाल्या. "ती तिची स्वतःची. तिला जायचं होतं, ती गेली. हे मात्र माझं आहे."